मोटार किती अँपिअर घेतेय?

रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेली मोटार उघडली की मिस्त्रीला फार विचार करावा लागत नाही. स्टार जोडणीच्या मोटारीत कॉइलच्या तीन गटांपैकी दोन काळे पडलेले आणि तिसरा तांबूस, नवाकोरा दिसत असेल, तर मोटार चालू असताना एक फेज गेला होता. डेल्टा जोडणी असेल तर उलट. तिथे एकच गट जळतो, दोन शाबूत राहतात. तिन्ही गट सारखेच भाजलेले असतील तर पंप अडकला, विजेचा दाब फार कमी होता किंवा मोटारीवर झेपेना इतका भार पडला. आमच्याकडचे एक जुने मिस्त्री मला म्हणाले होते, "ताई, मोटार समदं सांगती. पन जळाल्यावर सांगती."

जळण्याआधीही ती सांगतच असते, अँपिअरमध्ये. ते कुणी मोजत नाही, एवढंच.

मी पंपाच्या पॅनेलमध्ये बसणारी सर्किट बनवते. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. माल जातो तो मुख्यतः तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या पट्ट्यात. द्राक्षाचा, डाळिंबाचा आणि खोल बोअरचा हा मुलूख. बोअरमधली पाणबुडी मोटार जळाली की खर्च नुसत्या रिवाइंडिंगचा नसतो. पाइप वर काढायचे, माणसं लावायची, पुन्हा सोडायचे, आणि तोवर बाग कोरडी. म्हणून मोटार किती प्रवाह घेते आहे हे सतत मोजणारं सर्किट प्रत्येक पेटीत असायला हवं, आणि ते अल्पभूधारकालाही परवडायला हवं, यासाठी माझी सगळी खटपट चाललेली असते.

आकडे घेऊनच बोलू. ४१५ व्होल्टवर चालणारी ५ एचपीची थ्री-फेज मोटार पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. वायरमनचा हिशोब सरळ असतो, एका एचपीला दीड अँपिअर. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन तारांमधून तेवढंच काम ओढत राहते आणि त्या तारांतला प्रवाह सुमारे १.७३ पट होतो, म्हणजे तेरा अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. १.७३ चा वर्ग ३. त्या दोन गटांत तिप्पट उष्णता तयार होऊ लागते, आणि वार्निशचा थर ती फार वेळ सोसत नाही.

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, मग तो काय करतो? तो प्रामाणिक आहे. त्याच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते, ती प्रवाहाने तापून वाकते आणि मोटार बंद पाडते. पण रात्रीच्या लाईटला मोटार वारंवार पडू लागली की अंधारात शेतावर जायला नको म्हणून त्याची चकती सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवून ठेवतात. मी असे कितीतरी स्टार्टर उघडून पाहिले आहेत, आणि रात्री दोन वाजता विंचवाकाट्यातून शेतावर जाणाऱ्या माणसाला मी त्याबद्दल दोष देत नाही.

दुसरं साधन सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. त्यातले स्वस्तातले बरेचसे नुसता दाब बघतात. तिन्ही फेजवर व्होल्ट आहेत ना, मग चालू द्या. यात मोठी खोट आहे. फिरती मोटार गेलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच दाब निर्माण करते, आणि तो खऱ्या दाबाच्या जवळ जाणारा असतो. प्रिव्हेंटर फसतो. शिवाय काँटॅक्टरचा एखादा काँटॅक्ट जळाला किंवा बोअरमध्ये केबलचा सांधा सुटला, तर दाब बघणाऱ्या सर्किटपर्यंत तिन्ही फेज ठणठणीत असतात. तुटलंय ते त्याच्या पुढे. प्रवाह मोजणाऱ्याला यांतलं काहीच चुकत नाही. तार तुटली की तिच्यातला प्रवाह शून्य, तुटलेली जागा कुठेही असो.

मग सगळेच प्रवाह का मोजत नाहीत? कारण ते अवघड आहे. दाब मोजायला दोन टोकांना दोन प्रोब लावले की झालं. प्रवाह मोजायचा तर त्याच्या वाटेत उभं राहावं लागतं. तार कापा, मध्ये मीटर जोडा, आणि मोटारीचा सगळा प्रवाह त्या मीटरमधून जाऊ द्या. पॅनेलच्या दारावर गोल काट्याचा अँमीटर दिसतो तो असाच बसवलेला असतो. न कापता मोजायचं तर तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पकडावं लागतं. प्रवाहामुळे होकायंत्राची सुई हलते हे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवलं. आजही आमच्या धंद्यात दोनच घराणी आहेत, वाटेत रेझिस्टर घालणारं आणि बाजूला उभं राहून चुंबकत्व वाचणारं.

सर्किट स्वस्त आणि लहान करायचं म्हणजे हलक्या प्रतीचे भाग घालायचे, असा पुष्कळांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. सर्किट स्वस्त होतं ते आपल्याला नेमकं काय विचारायचंय हे आधी ठरवल्यामुळे. सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा तोलायला कुणी सोनाराचा काटा आणत नाही. मला मोटारीचं बिल काढायचं नाही. साडेसात, तेरा, शून्य आणि कोरड्या बोअरवरचे पाच या चार आकड्यांत फरक कळला की माझं काम झालं. दोन टक्क्यांची चूक चालेल. मात्र मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ती दोनाची पंधरा टक्के होता कामा नये.

आता पहिलं घराणं. वाटेत एक छोटा, माहितीतला रेझिस्टर घालायचा आणि त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजायचा. याला शंट म्हणतात. ओहमचा नियम शाळेत शिकलेला असतो, त्यामुळे हे फार सोपं वाटतं. खरा कस रेझिस्टर केवढा घ्यायचा यात लागतो. दहा अँपिअरसाठी ०.१ ओहम घेतला तर एक व्होल्ट मिळतो, मोजायला मस्त, पण त्या रेझिस्टरमध्ये दहा वॅट उष्णता होते. बंद पेटीत तो बोर्ड भाजून काढेल. १० मिलिओहम घेतला तर १०० मिलिव्होल्ट आणि एक वॅट. १ मिलिओहम घेतला तर उष्णता ०.१ वॅट, हात लावला तरी कळणार नाही इतकी, पण दाब फक्त १० मिलिव्होल्ट.

हे १० मिलिव्होल्ट वाढवायला ॲम्प्लिफायर हवा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळणारा, सगळ्या विद्यार्थ्यांच्या डब्यात असणारा एलएम३५८ घेतला, तर त्याची स्वतःची चूक ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकते. कंपनीच्या माहितीपत्रकातच तसं छापलेलं असतं. तुमचा सगळा सिग्नल १० मिलिव्होल्ट आणि ॲम्प्लिफायरची चूक ७, म्हणजे मोटार बंद असताना सर्किट ७ अँपिअर दाखवू शकतं! ही चूक स्थिर असेल तर मोटार बंद असताना वाचून घेऊन वजा करता येते. तापमानाबरोबर ती सरकते, तिथे पंचाईत होते. डीसी मोजायचं असेल तर यासाठीच बनवलेला, जवळजवळ न सरकणारा ॲम्प्लिफायर घ्यावा. थोडे पैसे जास्त जातात, ते जाऊ द्यावेत. एसीमध्ये मात्र एक सोय फुकट मिळते. एसी प्रवाहाची पूर्ण आवर्तनाची सरासरी शून्य असते. त्यामुळे जी काही सरासरी उरते ती ॲम्प्लिफायरची चूक, आणि प्रोग्रॅममध्ये एका ओळीत ती काढून टाकता येते.

शंट फुकटात करण्याची एक युक्ती नवे मुलगे-मुली हमखास सुचवतात. बोर्डावर तांब्याच्या पट्ट्या असतातच, त्यांनाही थोडा रोध असतो, मग त्यातलीच एक पट्टी शंट म्हणून का वापरू नये? बोर्डावरचा तांब्याचा नेहमीचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्याच्या प्रत्येक चौरसाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम भरतो, मग तो चौरस लहान असो वा मोठा. दोन चौरस लांबीची पट्टी आखली की १ मिलिओहम, एक पैसाही न घालता. पण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी २५ अंशांवर जुळवलेलं सर्किट दुपारी ६५ अंशांच्या पेटीत गेलं की ४० अंशांच्या फरकाने जवळपास १६ टक्के चुकतं. ही युक्ती वाईट नाही. शेजारी तापमान मोजणारा थर्मिस्टर ठेवून हिशोबात दुरुस्ती करता येते, आणि बॅटरीवरच्या छोट्या उपकरणात मी ती बेधडक वापरायला सांगते. उन्हातल्या पेटीसाठी नको.

या कामासाठी खरा धातू मँगॅनिन. तांबं, सुमारे बारा टक्के मँगॅनीज आणि थोडं निकेल असा हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ मध्ये घडवला. तापमान बदललं तरी त्याचा रोध जवळजवळ हलत नाही. तुमच्या घरच्या विजेच्या मीटरमध्ये, आतल्या जाड पितळी खांबांमागे, तांब्याच्या दोन तुकड्यांमध्ये वेल्ड केलेली मँगॅनिनची छोटी पट्टी बहुधा असतेच. तिचा रोध मिलिओहमच्याही काही अंशांएवढा. इतका कमी रोध मोजताना सोल्डरचा सांधासुद्धा हिशोबात शिरतो, कारण त्याचा रोध शंटच्या रोधाला टक्कर देण्याइतका असतो. म्हणून मोठा प्रवाह नेणाऱ्या जाड पट्ट्या वेगळ्या, आणि दाब वाचणाऱ्या बारीक पट्ट्या थेट शंटच्या पोटातून, आतल्या बाजूने काढायच्या. बारीक पट्ट्यांतून प्रवाह जवळपास वाहतच नाही, त्यामुळे त्यांच्या रोधाने काही बिघडत नाही. चार टोकांची ही पद्धत केल्व्हिन जोडणी म्हणून ओळखली जाते. तिला एक पैसा जास्त लागत नाही, फक्त बोर्ड आखताना लक्ष लागतं. बाजारातले भाग तेच, किंमत तीच, तरी एका माणसाचं सर्किट बरोबर वाचतं आणि दुसऱ्याचं नाही, यामागे निम्म्या वेळा हीच आखणी असते.

शंटचा मोठा धोका वेगळाच आहे. तो वाटेत असल्यामुळे तुमचं अख्खं सर्किट फेजला जोडलं जातं. बोर्डावरचा ५ व्होल्टचा भाग म्हणून ज्याला बोट लावाल तो जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर असतो. घरच्या मीटरमध्ये हे चालतं, कारण तो सील केलेला डबा असतो. शेतावरच्या पेटीत ओल्या हाताने बटण दाबणारा माणूस उभा असतो, आणि आत मुंग्या, पाली, कधी गांधीलमाशीचं पोळंही असतं. म्हणून पंपाच्या पॅनेलला मी शंट लावत नाही.

तिथे दुसरं घराणं, आणि त्यातला माझा सर्वांत आवडता भाग, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. सगळे त्याला सीटी म्हणतात. बांगडीपेक्षा लहान लोखंडी कडं, त्यावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजार-दोन हजार वेढे, आणि मधल्या भोकातून मोटारीची जाड वायर आरपार. बस्स. ती आरपार गेलेली वायर हाच ट्रान्सफॉर्मरचा पहिला वेढा. २५०० वेढ्यांचं कडं असेल तर साडेसात अँपिअरचे बाहेर ३ मिलिअँपिअर होतात, तेही मोटारीच्या वायरला कुठेही न शिवता. वायरीचं प्लास्टिक आवरण तसंच राहतं. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून जे पाहिलं, त्याहून यात नवं काही नाही.

आमच्या बोर्डाचा हिशोब इथे मांडते, कारण तो वाचून कुणी आपला करून पाहिला तर मला आनंदच आहे. मला २० अँपिअरपर्यंत मोजायचं आहे. एसीचा २० हा आकडा परिणामी (आरएमएस) मूल्याचा. लाटेचं टोक त्याच्या १.४१ पट, म्हणजे २८ अँपिअरच्या वर जातं. २५०० ने भागलं की ११.३ मिलिअँपिअर. मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर चालतो आणि त्याला उणे दाब कळत नाही. म्हणून १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मी शून्याची रेघ मध्यावर, १.६५ व्होल्टवर उचलून ठेवते. लाट त्याच्या वरखाली खेळते. सीटीच्या टोकांवर १२० ओहमचा रेझिस्टर जोडला की टोकाला सुमारे १.३६ व्होल्ट येतात, १.६५ च्या आत नीट बसतात. चिपमधला १२ बिटांचा मोजक ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग करतो. एक भाग ०.८ मिलिव्होल्टचा. उलट हिशोब केला तर तो १७ मिलिअँपिअरचा होतो. साडेसात आणि पाच अँपिअरमध्ये असे जवळपास दीडशे भाग पडतात. ॲम्प्लिफायर लागला का? नाही. एक सीटी, तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि चिपच्या पायाला वाचवणारे दोन डायोड, एवढ्यात एका फेजचं काम संपतं. हे सगळं अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत मावतं. भागांची यादी करायला बसलं की त्यात सर्वांत महाग सीटीच निघतो.

मोटार सुरू होताना पहिले काही क्षण सहापट, म्हणजे ४५ अँपिअरपर्यंत प्रवाह घेते. तेव्हा लाटेची टोकं कापली जातात. जाऊ देत. ते डायोड तेवढ्यासाठीच आहेत, आणि सुरुवातीचे काही सेकंद प्रोग्रॅम निर्णयच घेत नाही.

सीटीबद्दल एक गोष्ट मात्र भिंतीवर लिहून ठेवावी अशी. मोटार चालू असताना त्याच्या बाहेरच्या दोन तारा कधीही मोकळ्या ठेवू नयेत. प्रवाहाला वाट मिळाली नाही की त्या टोकांवर दाब चढतो. मोठ्या सबस्टेशनच्या सीटीवर तो जिवावर बेतण्याइतका असतो. आमच्या छोट्या कड्यावर सर्किट जाळण्याइतका पुरतो.

पैसे वाचवण्याची आणखी एक युक्ती या धंद्यात प्रसिद्ध आहे. तीन तारांच्या पुरवठ्यात तिन्ही प्रवाहांची बेरीज दर क्षणी शून्य असते. म्हणून दोनच सीटी लावायचे, त्यांची एकाच क्षणी घेतलेली मापं मिळवायची आणि चिन्ह उलटं केलं की तिसरा फेज मिळाला. गणित बिनचूक आहे. तरी मी तिन्ही लावते. बोअरमधल्या केबलचं आवरण खरवडलं गेलं की थोडा प्रवाह पाण्यातून जमिनीत गळतो, आणि मग ती बेरीज शून्य राहत नाही. तीन सीटी असतील तर हीच न जमणारी बेरीज आपल्याला गळतीची वर्दी देते. दोन लावणाऱ्याने ती वर्दी काही रुपयांसाठी घालवलेली असते. काटकसर कुठे थांबवायची हेही डिझाइनच आहे.

आता आणखी एक सेन्सर, कारण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तोच सगळीकडे दिसतो. हॉल परिणामावर चालणारी एसीएस७१२ नावाची चिप. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये बाल्टिमोरला, विद्यार्थी असताना, सोन्याच्या वर्खातून प्रवाह सोडून चुंबकाने त्याची वाट वळते हे दाखवलं. आज तोच परिणाम नखाएवढ्या चिपमध्ये बसला आहे आणि तयार बोर्ड शे-दीडशे रुपयांत मिळतो. हिचा मोठा गुण हा की ती डीसीही मोजते. सीटीला डीसी मुळीच दिसत नाही, उलट त्याचं लोखंड डीसीने ठासून भरतं आणि एसीचं मापही बिघडतं. सौर पॅनेलकडून पंपाकडे येणारा प्रवाह डीसी असतो, तिथे सीटी बाद, हॉल किंवा शंटच हवा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या कुसुम योजनेनंतर सौर पंप वाढले, तसा आमच्या बाकावरही हा विषय रोजचा झाला.

पण तिची मर्यादा ओळखून घ्या. तीस अँपिअरवाली चिप एका अँपिअरला ६६ मिलिव्होल्ट देते. साध्या १० बिटांच्या मोजकाने ५ व्होल्टचे १०२४ भाग केले तर एक भाग ४.९ मिलिव्होल्ट, म्हणजे ७४ मिलिअँपिअर. २३० व्होल्टवर हे १७ वॅट झाले. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब चालू आहे की बंद, हे त्या सर्किटला एका मापात कळणारच नाही. 'स्मार्ट होम'च्या प्रोजेक्टमध्ये मुलं नेमका हाच बल्ब लावून बसतात आणि आकडा नाचत राहतो. पाच अँपिअरवाली चिप घेतली तर एका अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट मिळतात, काम बरंच सुधारतं. शेजारी स्पीकरचं किंवा मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबक असेल तर तेही ती वाचते. आणि त्या तयार बोर्डाच्या स्क्रूवर फेज उघडा असतो, हे विसरू नये.

हजारो अँपिअर मोजायचे असतील तर लोखंड काढूनच टाकतात आणि नुसती हवेतली लवचीक कॉइल तारेभोवती गुंडाळतात. १९१२ मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या वॉल्टर रोगोव्स्की यांचं नाव तिला आहे. आमच्या कामात ती येत नाही.

प्रोग्रॅमबद्दल थोडं सांगायलाच हवं. जुनी स्वस्त सर्किट लाट सरळ करून तिची सरासरी काढायची आणि १.११ ने गुणायची. शुद्ध साइन लाटेला हे बरोबर आहे. आता एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांचा प्रवाह टोकदार ठोक्यांनी वाहतो. त्याला १.११ लावलं की आकडा बराच कमी येतो, आणि तार मात्र खऱ्या प्रवाहाने तापत असते. खरी रीत अशी की आवर्तनभर मापं घ्यावीत, प्रत्येकाचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी काढावी आणि तिचं वर्गमूळ घ्यावं. वायर तापते ती वर्गाच्या हिशोबाने, म्हणून मोजायचंही तसंच. आपली वीज ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. सेकंदाला हजार मापं घेतली की एका आवर्तनाला वीस होतात, आणि हे आज सर्वांत स्वस्त मायक्रोकंट्रोलरलाही सहज जमतं.

खरी परीक्षा कोरड्या बोअरची. पाणी संपलं की मोटार रिकामी फिरते. पाणबुडी मोटारीला थंडावा पाण्याचाच, बेअरिंगला ओलावाही पाण्याचाच. काही मिनिटांत नुकसान सुरू होतं. लोकांना वाटतं, भार गेला म्हणजे प्रवाह शून्याजवळ येईल. तसं होत नाही. आतलं चुंबकत्व टिकवायलाच मोटार बराच प्रवाह घेते, त्यामुळे साडेसातचे चार-पाच होतात आणि तिथेच थांबतात. त्यात दाब वाढला की हा रिकाम्या मोटारीचा प्रवाहही वाढतो. एकच सीमा ठरवून दिलेलं सर्किट मग रात्री एक सांगतं नि दिवसा दुसरं. यावरचा उपाय स्वस्त आहे. चार रेझिस्टर जास्त लावून दाबही त्याच क्षणी मोजा आणि दोन्ही मापांचा गुणाकार करून खरे वॅट काढा. प्रवाह निम्म्यावर अडला तरी वॅट धाडकन खाली येतात, कारण प्रवाह आणि दाब यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं. आमच्या बोर्डात हे आल्यापासून कोरड्या बोअरचा निवाडा आम्ही वॅटवरच करतो. पेटी बसवताना मोटार भरल्या पाण्यावर चालवून एक बटण दाबायचं. बोर्ड त्या मोटारीचे स्वतःचे वॅट लक्षात ठेवतो. सगळ्या मोटारींना एक आकडा लावण्यापेक्षा हे फार चांगलं.

सर्किट जुळवायला महागडं यंत्र लागतं, हाही एक समज. हजार वॅटची शेगडीची कॉइल २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या जरा वर घेते. तिचीच वायर सीटीच्या भोकातून चार वेळा फिरवून काढली की कड्याला सतरा अँपिअर दिसतात. खात्रीच्या मीटरने एक वेढ्याचा प्रवाह मोजा, वेढ्यांनी गुणा, आणि बोर्डाचा आकडा त्याच्याशी जुळवा. बारीक मोटारीसाठी सिग्नल कमी पडत असेल तर हीच युक्ती पॅनेलमध्येही चालते. वायर दोनदा ओवली की सिग्नल दुप्पट.

आणि ज्यांना सोल्डरिंग करायचंच नाही, त्यांच्याही घरात प्रवाह मोजणारं उत्तम सर्किट आधीपासून बसलेलं आहे. विजेच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो, त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर तो आकडा ३२०० असतो. मोबाइलच्या घड्याळावर दहा लुकलुकींना लागणारे सेकंद मोजा आणि ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. येतील ते वॅट. दहा लुकलुकी वीस सेकंदांत झाल्या तर घर त्या क्षणी ५६२ वॅट घेत आहे. रात्री सगळं बंद करून हे एकदा करून पाहा. दिवा तरीही बरा लुकलुकत असेल तर टाकीचा पंप, जुना फ्रिज किंवा भिंतीतली गळती, काहीतरी वीज खातंय.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना मी सांगेन, सुरुवात १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि शंटवर करा. फेजच्या जवळ सीटी घेऊनच जा, आणि तेव्हाही शेजारी जाणतं माणूस असू द्या. पॅनेल विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने दुकानदाराला एकच विचारावं, हे दाब बघून मोटार थांबवतं की तिन्ही फेजचा प्रवाह मोजून? आणि आज शेतावर नवी मोटार सोडत असाल तर त्याच दिवशी वायरमनकडून टोंग टेस्टर लावून तिन्ही फेजचे अँपिअर मोजून घ्या. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला ते तारखेसह लिहा आणि दर उन्हाळ्यात पुन्हा मोजा. एखाद्या फेजचा आकडा बाकी दोघांपासून लांब जाऊ लागला तर मोटार वर काढायची वेळ येण्याआधीच वायरमनला बोलवा.